चार बँड, एक स्टेज आणि रात्रीचे दहा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दीडशे-दोनशे माणसांचा हॉल आहे, शनिवारची एक संध्याकाळ मिळाली आहे आणि चार बँड मिळून ती करायची आहे. एक तिघांचा रॉक बँड, गिटार आणि गाणं अशी एक जोडी, ढोलकी-संबळ घेऊन वाजवणारा नाशिकचा बँड आणि लॅपटॉपवर ट्रॅक लावणारा पाच जणांचा पुण्याचा बँड. सामान कोणाचं, क्रम काय, साउंड चेक कसा, पैसे कसे वाटायचे आणि परवानग्यांचं काय?

पोस्टर, पाहुणे, लायटिंग हे सगळं नंतर. आधी कागद घ्या आणि रात्री दहापासून उलटं मोजायला लागा. अशा कार्यक्रमांत गाणी वाईट झाली म्हणून रात्र फसल्याचं क्वचितच दिसतं. ती फसते दोन बँडांच्या मधल्या वेळात. वीस मिनिटांचा चेंजओव्हर पस्तीसवर जातो, लोक खाली चहा-सिगारेटला जातात ते परत वर येत नाहीत, आणि शेवटच्या बँडला पंचेचाळीस मिनिटांऐवजी वीस मिळतात.

दहाच का? ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहणार असेल तर सूट आहे, पण ‘बंदिस्त’ म्हणजे खरोखर बंदिस्त. पत्र्याचं छप्पर, उघड्या खिडक्या किंवा गच्चीवर टाकलेला शामियाना त्यात बसत नाही. शिवाय सार्वजनिक जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खाजगी जागेला ही सवलत फक्त ५ डेसिबलची. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, म्हणजे ड्रम सेटला फारशी जागा उरत नाही. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो. हॉल ठरवण्याआधी नकाशावर एवढं तरी बघा. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’चं आणि एका पिढीच्या रॉकचं घर असलेलं धोबी तलावचं रंगभवन याच नियमामुळे गप्प झालं. सवाई गंधर्व महोत्सवालासुद्धा रात्रभराची बैठक सोडून घड्याळाकडे बघावं लागलं. तिथे भीमसेनजींच्या नावाचं वजन होतं, तुमच्यापाशी ते नाही. तेव्हा शेवटचा स्वर ९:५० ला, असं धरून चला.

आता क्रम. नाव कोणाचं मोठं यावर क्रम लावायची खोड सगळ्यांना असते, पण चार बँडांच्या रात्री स्टेजवरची हलवाहलव आधी बघायची. तुमच्या यादीत एक हुकमी पान आहे: ती जोडी. तिला दोन स्टुलं, दोन माइक आणि गिटारसाठी एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी), एवढंच लागतं. ड्रम सेटला हात न लावता ती स्टेजच्या पुढच्या कडेला बसते. मागचे दिवे बंद ठेवले की तिची गाणी चालू असताना पुढच्या बँडचे पेडलबोर्ड (गिटारच्या इफेक्ट-पेडलांच्या पाट्या) अंधारात गुपचूप मांडून होतात. जोडीला सगळ्यात आधी ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात आणि हा फायदा घालवतात.

माझ्या मते क्रम असा: तिघांचा रॉक बँड ७:०० ते ७:३०. पाच मिनिटांत जोडी पुढे येते, ७:३५ ते ८:००. दहा मिनिटांत नाशिककर, ८:१० ते ८:५०. पंधरा मिनिटांचा एकच मोठा चेंजओव्हर, आणि लॅपटॉपवाले ९:०५ ते ९:५०. बाहेरगावच्या बँडला पहिलं किंवा शेवटचं ठेवू नये. पहिल्याला हॉल रिकामा असतो. शेवटच्याच्या वेळी स्थानिक बँडांचे मित्र आपापल्या माणसांचं ऐकून निघून गेलेले असतात. शेवटी असा बँड हवा ज्याची माणसं थांबतील.

साउंड चेक याच्या बरोबर उलट्या क्रमाने. शेवटी वाजवणारे आधी, २:३० ते ३:३०. मग नाशिककर ३:३० ते ४:३०. ते सकाळी आठला निघाले तरी चाकणची कोंडी धरून त्यांना दीड-दोन वाजतात, म्हणून त्यांना अडीचचा वेळ देऊ नका. मग जोडी वीस मिनिटं, आणि ४:५० ते ५:३० तिघांचा बँड. तो शेवटी चेक करतो आणि पहिला वाजवतो, त्यामुळे त्याचं सामान स्टेजवरून हलतच नाही. साडेपाच ते सहा राखीव, कारण तो अर्धा तास कुठेतरी जाणारच. दार ६:३० ला. साउंडवाल्याचा छोटा हत्ती बारापर्यंत हॉलवर यायला हवा आणि दोनला ड्रमला माइक लागलेले हवेत. ‘आम्ही एक वाजताच येतो’ म्हणणाऱ्या साउंडवाल्याला अकराची वेळ सांगा.

साउंड चेक म्हणजे सराव नव्हे. एका तासात दोनच गाणी: एक सगळ्यात जोरकस, एक जिथे सगळ्यात जास्त माणसं एकदम गातात. बाकी वेळ एकेका वाद्याचा. ड्रमर किकवर पाय मारत असताना गिटारवाल्याने रिफ काढत बसायचं नाही. हे सांगावं लागतं आणि दर वेळी सांगावं लागतं.

सगळ्या बँडांसाठी चॅनेलची एकच यादी करा. प्रत्येक बँड स्वतःचा कागद घेऊन आला तर चेंजओव्हरमध्ये केबली उपटाव्या लागतात, आणि तिथेच वेळ जातो. १ किक, २ स्नेअर, ३ वरचा टॉम, ४ फ्लोअर टॉम, ५ वरून लटकणारा एक ओव्हरहेड, ६ बेस, ७ आणि ८ दोन गिटार, ९ ढोलकीची उजवी बाजू, १० डावी, ११ संबळ, १२-१३ लॅपटॉप, १४ जोडीची अकूस्टिक, १५ मुख्य गायक, १६ दुसरा गायक. सोळाच्या सोळा भरले. तिसरा गायक निघाला तर वरच्या टॉमचा माइक काढून टाका. एवढ्या हॉलमध्ये टॉम तसाही ऐकू येतो. ज्या बँडला जे चॅनेल लागत नाही ते म्यूट राहील, पण जागा बदलायची नाही.

मिक्सर डिजिटल असेल तर प्रत्येक बँडचा चेक संपताच सीन, म्हणजे मिक्सरची सगळी मांडणी, सेव्ह करा आणि नावात क्रम घाला. इथे एक खड्डा आहे. सीन परत बोलावला की दुपारी सेव्ह केलेला मुख्य स्पीकरचा इक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल) सुद्धा परत येतो. हॉल भरल्यावर माणसांचे कपडे आणि अंग वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, म्हणून पहिल्या बँडच्या वेळी तो इक्यू थोडा बदललेला असतो. दुसऱ्या सीनला सगळी मेहनत पुसली जाते आणि ऑपरेटर गोंधळतो. मुख्य आउटपुट आणि त्यांचा इक्यू ‘रिकॉल सेफ’ करून ठेवा, म्हणजे सीन बदलला तरी ते हलत नाहीत. फँटम पॉवरकडेही (मिक्सर केबलमधून माइकला देतो ती वीज) लक्ष द्या: डीआय किंवा कंडेन्सर माइकचं चॅनेल म्यूट न करता केबल काढली तर स्पीकरमधून असा ठोका येतो की पुढे उभी असलेली माणसं दचकतात आणि स्पीकरचा ट्विटर (बारीक आवाजाचा भाग) जाऊ शकतो. मिक्सर जुना अ‍ॅनालॉग असेल तर प्रत्येक चेकनंतर मोबाइलने नॉबांचे फोटो काढा. पद्धत साधी आहे, पण चालते.

सामानाचं. ड्रम सेट एकच. किक, टॉम, स्टँड आणि स्टूल सामायिक; स्नेअर, सिंबल, किकचं पेडल आणि काठ्या ज्याच्या त्याने आणायच्या. या तुटणाऱ्या, फुटणाऱ्या गोष्टी, त्या दुसऱ्याला कोणी देत नाही आणि मागूही नये. सेटखाली दोन बाय दोन मीटरचं जाड कार्पेट हवंच, नाहीतर तिसऱ्या गाण्यापर्यंत किक फूटभर पुढे सरकलेला असतो. चेकच्या वेळी प्रत्येक ड्रमरच्या स्टँडच्या पायांशी वेगळ्या रंगाच्या टेपच्या खुणा करा. डावखुरा ड्रमर कोणी आहे का हे आठवडाभर आधी विचारा. असला तर त्याला पहिला ठेवा, म्हणजे त्याच्यासाठी सेट एकदाच उलटा करावा लागेल. सिंबलचे फेल्ट, विंगनट आणि प्लास्टिकच्या नळ्या यांची एक पिशवी जवळ ठेवा. भाड्याच्या स्टँडवर यातलं काहीतरी नसतंच, आणि नळी नसलेल्या स्टँडवर कोणी स्वतःची महागडी सिंबल चढवणार नाही.

गिटारचे अँप दोन, बेसचा एक. हॉल दोनशेचा असेल तर गिटार अँपला ३०-४० वॉटचा व्हॉल्व्ह पुष्कळ होतो. शंभर वॉटचा आणला की गिटारवाला तो ‘जिवंत’ वाटेपर्यंत वाढवतो, मग गायकाला काही ऐकू येत नाही, मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) वाढतो, शिट्टी सुरू होते. अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर किंवा पेटीवर, वाजवणाऱ्याच्या कानाकडे तिरपा ठेवा. तो पोटऱ्यांना ऐकवत उभा असतो, म्हणून आवाज वाढवतो. आजकाल बरेच जण अँप न आणता मॉडेलर (अँपसारखा आवाज बनवणारं यंत्र) थेट मिक्सरला देतात. चांगलंच आहे, पण मग त्याला मॉनिटरमध्ये स्वतःची गिटार द्यावी लागते, आणि तो मॉनिटर तुम्ही मोजलेला नसतो. चार मॉनिटर आणि तीन वेगळी मिक्स ही किमान गरज: पुढे गायक, एका बाजूला गिटार-बेस, ड्रमरला स्वतंत्र.

पेडलबोर्ड स्टेजबाहेर जोडून, वाजवून बघून, एका तुकड्यात आत न्यायचा. स्टेजवर बसून पॅच केबली लावणारा गिटारवाला हे उशिराचं पहिलं कारण. उधारीचा अ‍ॅडाप्टर वापरू नका: बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण लागते, कीबोर्डचा अ‍ॅडाप्टर उलटा असू शकतो आणि पेडल जाऊ शकतं.

ढोलकी आणि संबळ यांच्यासाठी वेगळं बोलतो, कारण रॉकवाल्या ऑपरेटरला इथे अंदाज नसतो. संबळ काठीने वाजतो आणि दोनशेच्या हॉलमध्ये माइकशिवायही पोचतो. त्याला एक माइक द्या, हातभर लांब, आणि फेडर फार वर नेऊ नका. ढोलकीला मात्र दोन लागतात. उजव्या, शाईच्या बाजूला डायनॅमिक माइक चार बोटांवर, थोडा कडेकडे वळवून. थेट शाईसमोर धरला तर टणत्कार कानात घुसतो. डाव्या, घुमणाऱ्या बाजूला दुसरा, आणि त्या चॅनेलवर खालचा आवाज कापू नका, नाहीतर ‘घुमारा’ जाऊन नुसता टप-टप उरतो. उजव्याला मात्र १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे फक्त किक आणि बेसची गळती असते. दोन्ही माइक समोरासमोर असल्याने फेज उलटा असू शकतो; एका चॅनेलचं पोलॅरिटी बटण दाबून बघा आणि ज्या स्थितीत घुमारा भरतो ती ठेवा.

शिट्टीचं गणित माइकच्या पाठीशी असतं. कार्डिऑइड माइक, म्हणजे एसएम ५८ च्या जातीचा, बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर त्याच्या शेपटीच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड, बीटा ५८ सारखा, मागच्या बाजूला थोडं ऐकतो आणि त्याचा बहिरा कोन साधारण १२५ अंशांवर असतो. तिथे मॉनिटर जरा बाजूला सरकवावा लागतो. माइक मुठीत पूर्ण झाकून गाणारे गायक ही दोन्ही गणितं मोडतात.

कातड्याची वाद्यं हवा ओळखतात. पावसाळ्यात दमट हवेने पान सैल होऊन स्वर उतरतो, एसीच्या कोरड्या झोताखाली तो चढतो. तीन वाजता लावलेली ढोलकी आठला तिथे नसते. म्हणून ढोलकी मंचाच्या मागे एसीच्या झोतापासून दूर ठेवा आणि वाजवणाऱ्याला ७:३५ ला, म्हणजे जोडी गात असताना, दारं बंद असलेली खोली द्या. स्वर मिळवण्यासाठी त्याला ट्यूनर नको असतो, पट्टी हवी असते. बँडची गिटार अर्धा स्वर खाली लावलेली असेल तर ते त्याला आधी सांगा. पट्टी बदलणारी गाणी असली तर तो दोन-तीन ढोलक्या आणेल, स्टेजवर त्यांची जागा धरा.

लॅपटॉपवाल्यांना एक प्रश्न विचारायचाच: क्लिक (ताल धरायची टिकटिक) कुठे जाणार? ट्रॅक दोन चॅनेलवर लोकांना आणि क्लिक फक्त ड्रमरच्या कानात. त्यासाठी किमान तीन आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस लागतो. हेडफोनच्या भोकातून डाव्या कानात क्लिक आणि उजव्या कानात ट्रॅक असं करणारे असतात, तेही चालतं, पण मग १२-१३ पैकी एकच चॅनेल उरतं आणि ट्रॅक मोनो होतो. केबल चुकली तर अख्ख्या हॉलला टिकटिक ऐकू येते. चार्जर लावल्यावर घरघर आली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय घ्या आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा, किंवा सेटभर बॅटरीवर चालवा. सूचना, अपडेट आणि स्क्रीन झोपणं बंद. त्यांचे स्वतःचे इन-इअर (कानातले मॉनिटर) असतील आणि स्वतःचा रॅक, तर पंधरा मिनिटांत ते बसणार नाही. रॅक दुपारीच जोडून ठेवा, नाहीतर हॉलच्याच मॉनिटर लाइनवर त्यांचे ट्रान्समिटर लावा.

वीज. हा भाग कोणी वाचत नाही, म्हणून जरा जोरात सांगतो. गायकाच्या ओठाला माइकचा झटका बसतो तो बहुतेकदा अर्थिंग तुटल्यामुळे: कोणीतरी अँपची तीन पिनांची प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेली असते, किंवा ‘हम जातो’ म्हणून अर्थची तार काढलेली असते. हम घालवायला डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट आहे. मेन्सचा अर्थ कधीही तोडायचा नाही. चेकच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं गिटारच्या तारेला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. वीस-तीस व्होल्ट दिसले तर कोणालाही स्टेजवर जाऊ देऊ नका. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्येही दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको.

मिक्सर, अँप आणि स्टेजवरचे सगळे बोर्ड एकाच फेजवर घ्या, दिवे दुसऱ्यावर. दिव्यांचा डिमर त्याच फेजवर असला की प्रत्येक फेडबरोबर स्पीकर गुणगुणतो. प्रत्येक बँडमागे एक स्पाइक बोर्ड, त्याची वायर काठाला टेप केलेली. एलईडी दिवे धरून दोनशेच्या हॉलला पाच-सहा किलोवॉट पुरतात. जनरेटर असला तरी मेन्सवरून त्याच्यावर जाताना काही सेकंद वीज जाते आणि डिजिटल मिक्सरला परत सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट लागतं. मिक्सर आणि वायफाय राउटर एका छोट्या यूपीएसवर टाका, प्रश्न मिटला. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. सराव किंवा सामानाची चाचणी त्या दिवशी ठेवली असेल तर आधी विचारून घ्या.

स्पीकर म्हणाल तर १२ किंवा १५ इंची दोन टॉप (वरचे स्पीकर) आणि १८ इंची दोन बेसचे स्पीकर पुरेत. टॉप डोक्याच्या वर. बेस भिंतीच्या कोपऱ्यात सरकवू नका, तिथे खालचा आवाज फुगतो आणि किक-बेस एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. मिक्सरपाशी ९५ ते १०० डेसिबलच्या आत रहा.

आता त्या पंधरा मिनिटांकडे. पहिली तीन मिनिटं फक्त उतरण्याची. वाजवून झालेल्यांनी आपल्या वस्तू उचलून थेट विंगेत जायचं. केबली तिथेच गुंडाळत बसायचं नाही, सिंबल पिशवीत भरायची नाही, मित्रांना मिठ्या मारायच्या नाहीत. ते सगळं बाहेर. त्याच वेळी पुढच्या ड्रमरची सिंबल बाजूच्या जादा स्टँडवर चढलेली असते. स्टँडसकट अदलाबदल होते. तिसऱ्या ते नवव्या मिनिटापर्यंत मांडणी. नवव्याला ऑपरेटरची लाइन चेक, ठरलेल्या क्रमाने: किक, स्नेअर, बेस, गिटार, लॅपटॉप, गायक. प्रत्येकाला पाच-सहा सेकंद, आवाज येतोय की नाही एवढंच. आवाज कसा आहे ते दुपारी ठरलेलं आहे. तेराव्या मिनिटाला कडव्याच्या चार ओळी सगळ्यांनी मिळून, आणि सुरुवात. एखाद्या चॅनेलमधून आवाज नाही आला तर आधी केबल बदला, मग शोधा. केबल तपासत बसणं हा नंतरचा उद्योग आहे.

हे घडवायला स्टेजवर एक माणूस लागतो जो त्या रात्री वाजवत नाही. चारही बँडांनी त्याला आधीच अधिकार द्यायचा: त्याने विंगेतून हिरवा टॉर्च दाखवला की पाच मिनिटं उरली, लाल दाखवला की हे शेवटचं गाणं. प्रत्येक सेटलिस्टमध्ये एक गाणं चौकोनात लिहा, उशीर झाला की ते गळतं. उशीर ज्याने केला त्याच्याच सेटमधून वेळ कापायचा, पुढच्याच्या नाही. हा एक नियम लेखी ठरला की बाकी भांडणं निम्मी होतात.

परवानग्यांत हॉलवाल्याकडून तीन गोष्टींची प्रत मागा: तिथे जिवंत कार्यक्रम करण्याचा पोलिसांचा परवाना, ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि अग्निशमनाचं ना-हरकत. ‘आमच्याकडे नेहमी होतात हो कार्यक्रम’ हे उत्तर पुरेसं नाही. बार असलेल्या जागेत प्रवेशाचं वय विचारा. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, आणि तुमचे अर्धे श्रोते कॉलेजात असतील तर दारावरच परत पाठवले जातील.

हक्कांचं लोक उगाच घाबरतात किंवा उगाच दुर्लक्ष करतात. स्वतःची गाणी वाजवताना, त्यांचे हक्क तुम्ही कुठल्या कंपनीला किंवा संस्थेला दिलेले नसतील, तर कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याचं गाणं जिवंत वाजवलं तर शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना. बँडचा कोणी सदस्य आयपीआरएसचा सभासद असेल तर त्याचं स्वतःचं गाणंही त्यात येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि चेंजओव्हरमध्ये पेन ड्राइव्हवरून लावलेली गाणी हा ध्वनिमुद्रणाच्या परवान्याचा वेगळा विषय आहे. मोबाइलवरच्या स्ट्रीमिंगची मासिक वर्गणी हॉलमध्ये गाणी लावायला चालत नाही. सोपा उपाय: मधल्या वेळेत चारही बँडांच्या स्वतःच्या, हक्क स्वतःकडेच असलेल्या रेकॉर्डिंगची यादी लावा.

तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी माफ आहे. ५०१ केलंत की तो हिशोब बदलतो. तिकीट विकणारं अ‍ॅप स्वतःच्या शुल्कावर जीएसटी लावेल, ते वेगळं.

पैशाचं एक उदाहरण मांडतो, आकडे तुमचे तुम्ही घाला. तिकीट ४००, ११० विकली, जमा ४४,०००. अ‍ॅपने आठ टक्के घेतले, ३,५२०. हॉलचा साउंड अपुरा म्हणून जादा माइक आणि ऑपरेटर १२,०००, ड्रम आणि अँपचं भाडं ९,०००, नाशिकची गाडी ८,०००, पोस्टर १,५००, जेवण-पाणी ३,५००. खर्च ३४,०००. उरले ६,४८०, म्हणजे बँडमागे १,६२०. पाच जणांच्या बँडमध्ये माणशी सव्वातीनशे. हाच कार्यक्रम साठ तिकिटांवर आला तर प्रत्येक बँडला २,९८० खिशातून घालावे लागतील. खर्च निघायला या हिशोबात ९३ तिकिटं लागतात. हा आकडा पोस्टर छापायच्या आधी चौघांनी बघायला हवा, आणि तोटा समसमान वाटायचा की नाही हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर का होईना, लिहून ठेवायला हवं. हॉल भाड्याऐवजी खाण्यापिण्याची किमान विक्री मागत असेल, तर कमी पडलेली रक्कम कोण भरणार हेही त्यातच लिहा.

दारावर ‘कोणासाठी आलात?’ असं विचारून त्या प्रमाणात पैसे वाटण्याची एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही. मग प्रत्येक बँड आपलीच तिकिटं खपवतो, आपलं झाल्यावर आपली माणसं घेऊन निघतो, आणि पाहुण्या बँडच्या वाट्याला काही येत नाही. प्रवासखर्च आधी काढा, उरलेलं समान वाटा. जोडी दोघांचीच असली तरी तिचा वाटा बँडाएवढाच. तिने तुमची पंधरा-वीस मिनिटं वाचवली आहेत. टी-शर्ट आणि सीडीचं टेबल मात्र ज्याचं त्याचं.

संपल्यावर हॉल किती वाजता रिकामा करायचा हे आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी अकरा असतात आणि पुढच्या तासाचं भाडं लागतं. हिशोब त्याच रात्री, सगळ्यांसमोर, बिलांच्या फोटोंसकट. भाड्याचा ड्रम सेट टेम्पोत चढताना यादी हातात घेऊन मोजा. हाय-हॅटचा क्लच, किकची बीटर आणि स्टुलाचा खिळा या तीन गोष्टी नेहमी कोणाच्या तरी पिशवीत चुकून जातात, आणि अनामत रकमेतून कापल्या जातात.